वस्तरा नापास

गुरुवार, ६ नोव्हेंबर

घडलेला प्रकार, क्रमाने:

१. जेवणाच्या सुट्टीत बाबांचा जुना वस्तरा लॅबमधल्या मायक्रोस्कोपखाली ठेवला.
२. पन्नास पट मोठा करून पाहिला. धार नव्हे, करवत. मधोमध एक खाच, ट्रक जाईल एवढी.
३. मायक्रोस्कोपच्या सर्व्हिसिंगला कंपनीचा माणूस आला होता. दर एक गुरुवार सोडून येतो. न विचारता त्याने डोळा लावला.
४. तो म्हणाला, ‘याने दाढी करणार? कोणाची, शत्रूची?’
५. मी म्हणाले, धार लावल्यावर कोणाचीही होईल.
६. तो म्हणाला, ‘मग माझी करा. सहा वर्षांची आहे. काढायची म्हणतोच आहे.’
७. मी म्हणाले, ठीक आहे.

सातव्या मुद्द्याचं कारण नोंदवण्याची गरज नाही. प्रश्न तांत्रिक होता, उत्तरही तांत्रिक दिलं.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

त्या माणसाचा उल्लेख इथे ‘दाढी’ असा करेन. नाव त्याच्या कार्डावर आहे, पण नाव वापरावं इतका संबंध नाही. दाढी सोडली तर लक्षात राहण्यासारखं त्याच्यात काही नाही. उंची मध्यम. उजव्या भुवईत एक छोटी तुटलेली जागा. हसू आधी डावीकडून सुरू होतं आणि उजवीकडे पोचेपर्यंत त्याला दुसरं काहीतरी सुचलेलं असतं. एकूण, विशेष नाही.

आमचं एकमेकांना ‘तुम्ही’ चालतं. तसंच चालेल.

रविवार, ९ नोव्हेंबर

धार लावायचे दगड आले. तीन: भरड, मधला, बारीक. भरड दगडाने खाच घालवायची, मधल्याने भरड दगडाचे ओरखडे घालवायचे, बारीकने मधल्याचे. प्रत्येक टप्प्यावर भिंगाखाली तपासणी. चार्ट केला. वीस तारखेला दाढी पुन्हा लॅबमध्ये येईल, तोपर्यंत वस्तरा तयार. यात अवघड काय आहे ते मला समजत नाही. मी दिवसभर बेअरिंगचे रोलर तपासते. केसाच्या पन्नासाव्या भागाइतका ओरखडा पकडते. शॉप फ्लोअरवर मला ‘रिजेक्ट मॅडम’ म्हणतात, आणि ते कौतुकानेच म्हणत असणार.

बाबा चार्ट बघून म्हणाले, ‘अगं, मी तर पँटच्या पट्ट्यावर दोनदा घासायचो आणि सुटायचो.’ मी विचारलं, रक्त यायचं का? ‘रोज,’ म्हणाले. अभिमानाने.

आई म्हणाली, ‘म्हणूनच मिशी ठेवली त्यांनी. वरच्या ओठाला वाचवायला.’

या घरात प्रमाण मानावं असं कोणी नाही.

बुधवार, १२ नोव्हेंबर

दगड वापरण्याआधी भिजवावे लागतात. बाबांच्या पाय शेकायच्या टबात भिजवले. बाबांना टब हवा होता. म्हटलं, पाय उद्या शेका, दगड आज भिजायला हवेत. आई म्हणाली, ‘बापाच्या पायापेक्षा कुणाच्या गालाची काळजी चाललीय एवढी?’ मी कुणाचा गाल हे सांगितलेलंच नव्हतं. कुणाचा तरी असेल हे तिने स्वतःच गृहीत धरलं. आईची पद्धत: पुरावा शून्य, निष्कर्ष पक्का.

सिंकमध्ये राखाडी गाळ. चहाला दगडाची चव येते असं घरात सगळ्यांचं मत आहे. येत नाही. प्यायले.

खिशातलं साठ पटीचं भिंग, त्याला स्वतःचा छोटा दिवा. दर दहा वेळा घासल्यावर वस्तरा पुसायचा, भिंग लावायचं, बघायचं. खाच लहान होते आहे. आता फक्त स्कूटर जाईल.

शनिवार, १५ नोव्हेंबर

वस्तरा-शौकिनांचा एक फोरम सापडला. सगळे रिटायर झालेले पुरुष असावेत, कारण एकमेकांना सकाळी सकाळी ‘सुप्रभात, धारदार दिवस जावो’ म्हणतात. त्यांच्यात एक आहे, मी त्याचं नाव ‘कानसेन’ ठेवलंय. तो धार ऐकतो. म्हणजे दगडावरून वस्तरा फिरवताना आवाज बदलला की धार झाली, असं त्याचं म्हणणं. दुसरा एक धार अंगठ्याच्या नखावर बघतो. तिसरा म्हणतो, धार मनाला कळते.

मी पन्नास पटीचा फोटो टाकला आणि विचारलं, ही खाच तुमच्या मनाला कळली होती का? उत्तरं आली. एकाने लिहिलं, ‘बेटा, इतकं जवळून कशालाही पाहू नये.’ बेटा! मी त्याला ओरखड्यांची दिशा आणि खोली यांचा तक्ता करून पाठवला. आभार मानले नाहीत.

मधला दगड पूर्ण. ओरखडे समांतर. या माणसांनी इतके समांतर ओरखडे आयुष्यात पाहिले नसतील.

बुधवार, १९ नोव्हेंबर

बारीक दगड पूर्ण. लॅबमध्ये शंभर पटीत पाहिलं. धार एकसंध. खाच नाही, दाते नाहीत, चकाकणारा बोथट भाग नाही. चामड्याच्या पट्ट्यावर वर-खाली करून पुन्हा पाहिलं. तसंच. हातावरचे केस तपासणीसाठी काढले. पडले. म्हणजे कापले गेल्याचं कळलंही नाही, नुसते पडले. खात्रीसाठी पुढचेही काढले. डावा हात कोपरापर्यंत गुळगुळीत झाला आहे.

साहेबांनी विचारलं, ‘ॲलर्जी का?’ हो म्हटलं.

उद्यासाठी बॅग भरली: वस्तरा, पट्टा, साबण, ब्रश, दोन टॉवेल, तुरटी. तुरटी फक्त नियम म्हणून. आईने टॉवेल मोजले आणि पुन्हा मोजले. हे तिच्या बोलण्यापेक्षा वाईट.

गुरुवार, २० नोव्हेंबर, दुपार

दाढी आला. दाढी आधीच कात्रीने बारीक करून आला होता, म्हणजे लक्षात होतं. टॉवेल बघून म्हणाला, ‘ऑपरेशन आहे का हो?’ मी खुर्ची दाखवली. बसला. मान मागे टेकवली, डोळे मिटले. एखादा माणूस इतक्या लवकर डोळे मिटतो हे मला बेजबाबदारपणाचं वाटलं.

डोळे मिटूनच म्हणाला, ‘गेली तर तुमच्या हातून जावी. नाहीतरी जाणारच आहे.’

कुठे, विचारलं.

त्याची बदली ठरते आहे. दुसऱ्या शहरात, चिप बनवणाऱ्या फॅक्टरीत कायमची ड्यूटी. क्लीनरूम. धुळीचा कण चालत नाही, दाढीचा केस तर नाहीच. हो की नाही ते त्याने बारा डिसेंबरपर्यंत कळवायचं. ‘मी अजून ठरवलेलं नाही,’ म्हणाला. ‘कोणी थांब म्हटलं तर थांबेनही.’ मग एक डोळा उघडून म्हणाला, ‘कोणीही म्हणजे अगदी कोणीही नाही.’

साबणाचा फेस झाला होता. ब्रश माझ्या हातात होता.

मी म्हणाले, एक मिनिट. वस्तरा चारशे पटीत तपासायचा राहिलाय.

चारशे पटीत धारेच्या टोकाजवळ तीन बारीक ओरखडे. काल शंभर पटीत हे दिसले नव्हते, कारण शंभर पटीत ते दिसत नाहीत. नापास.

त्याला सांगितलं, पुढच्या वेळी. तो टॉवेल गळ्यात तसाच ठेवून दुसऱ्या मायक्रोस्कोपचं सर्व्हिसिंग करायला गेला. जाताना टॉवेल घडी करून ठेवला. घडी चांगली होती.

सुरक्षिततेचा प्रश्न होता. बदलीशी याचा संबंध नाही. बदली हा त्याच्या कंपनीचा अंतर्गत विषय आहे.

रविवार, २३ नोव्हेंबर

लॅबमध्ये आले. रविवारी बंद असते, माझ्यासाठी उघडतात. वॉचमन म्हणाला, ‘मॅडम, रविवारी पण रिजेक्ट?’ विनोद जुना आहे.

बारीक दगड सोबत आणला होता. घासणे, पुसणे, चारशे पट. तीन ओरखडे गेले. दोन नवे. ते गेले. एक नवा, आडवा. आडवा कुठून आला? दगडावर धुळीचा कण असणार. क्लीनरूममध्ये हे झालं नसतं. (हे वाक्य उगाच लिहिलं.)

फोरमवर एकाने विचारलं, ‘ताई, दाढी झाली का त्यांची?’ त्यांची म्हणजे कोणाची, मी फोरमवर कोणाचाही उल्लेख केलेला नाही. मागच्या पोस्टमध्ये फक्त एवढं विचारलं होतं की, सहा वर्षांच्या, दाट, किंचित कुरळ्या, हनुवटीजवळ थोड्या पिंगट केसांसाठी कोन किती ठेवावा. तपशील दिल्याशिवाय उत्तर अचूक येत नाही.

मंगळवार, २५ नोव्हेंबर

इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप अर्धा तास रिकामा होता. रजिस्टरमध्ये लिहिलं: नमुना, स्टील, पातळ. दोन हजार पट.

दोन हजार पटीत वस्तऱ्याची धार ही धार नसतेच. समुद्रकिनारा असतो. कडे, कपारी, पडलेले दगड. एका जागी तर मला बंदर दिसलं. असल्या वस्तूला मी गुरुवारी माणसाच्या गळ्याजवळ नेणार होते! वेळीच थांबले हे किती योग्य झालं, याचा फोटोच आता हातात आहे.

साहेब मागे येऊन उभे राहिले. स्क्रीनकडे बघून म्हणाले, ‘कोणता पार्ट?’ वस्तरा, म्हटलं. ते म्हणाले, ‘याचं लिमिट काय धरलंय? पास कधी म्हणायचं?’

म्हटलं, अजून ठरवलं नाही. निरीक्षण पूर्ण झालं की ठरेल.

साहेब म्हणाले, ‘रोलर दहा पटीत बघायचा, दहा पटीत नाही दिसलं तर नाहीच म्हणायचं, नाहीतर जगात एकही रोलर पास होणार नाही. हे दर बॅचच्या ट्रेनीला तूच सांगतेस ना?’

सांगते. ते रोलरबद्दल. रोलर हा रोलर असतो. साहेबांना प्रत्येक गोष्ट रोलर वाटते, त्यांच्या मुलीच्या लग्नाबद्दलही ते ‘डिस्पॅच’ म्हणतात. तुलना निरर्थक.

आधी लिमिट न ठरवता तपासणी सुरू करणं ही चूक आहे, हे खरं. पण ती ट्रेनीची चूक असते. माझ्या बाबतीत तो खुलेपणा आहे.

शनिवार, २९ नोव्हेंबर, सकाळ

झालं.

काल संध्याकाळी बारीक दगड अगदी हलक्या हाताने, पुन्हा पुन्हा, पुन्हा पुन्हा. आज चारशे पटीत: एक सरळ, चमकणारी, अखंड रेषा. एकही दाता नाही. रेषेपलीकडे काही नाही. मी इतकी सुंदर गोष्ट भिंगातून पाहिलेली नाही. कानसेनाला फोटो पाठवला, वर एक ओळ लिहिली: हे ऐका.

गुरुवारी दाढी येईल. पण त्याआधी प्रत्यक्ष चाचणी हवी. बाबा तयार आहेत. बाबा उत्साही आहेत.

शनिवार, २९ नोव्हेंबर, दुपार

चाचणीचा अहवाल.

डावा गाल: उत्कृष्ट. बाबा म्हणाले, ‘वा! लोणी.’

हनुवटी: बरी. बाबा म्हणाले, ‘जरा ओढतंय.’

उजवा गाल: चाचणी थांबवली. बाबा म्हणाले ते इथे लिहिणार नाही. तुरटी वापरली. तुरटी नियम म्हणून ठेवली होती, हे बरं झालं.

अडचण अशी की, घरातली साधी रेझर्स बाबांनी परवाच फेकून दिली होती. म्हणाले होते, ‘आता घरात एक्सपर्ट आहे.’ आणि त्यांना दुपारी त्यांच्या जुन्या ऑफिसच्या मित्रांना भेटायला जायचं होतं. गेले. अर्ध्या चेहऱ्याने गेले. आई दारातून ओरडली, ‘डावीकडच्या खुर्चीवर बसा, म्हणजे चांगली बाजू दिसेल!’ बाबा जिन्यातून ओरडले, ‘कुठून डावी?’

परत आले तेव्हा मजेत होते. मित्रांनी विचारलं म्हणे, हे काय? बाबांनी सांगितलं, मुलगी मायक्रोस्कोपने दाढी करते. सगळे हसून लोळले म्हणे. रिटायर माणसांना कशाचंही हसू येतं.

रविवार, ३० नोव्हेंबर

कारण सापडलं. वस्तरा पुन्हा पाहिला. ती सरळ, चमकणारी रेषा गेलेली आहे. डाव्या गालापर्यंत होती, हनुवटीला वाकली, उजव्या गालावर तुकडे होऊन पडली. ती धार नव्हतीच. गरजेपेक्षा जास्त घासलं की स्टीलचा अगदी पातळ पापुद्रा धारेच्या पुढे निघून येतो. सरळ दिसतो, चमकतो, आणि पहिल्या स्पर्शाला टिकत नाही. भिंगातून तो धारेपेक्षा जास्त चांगला दिसतो. फोरमवर याला नाव आहे, सगळ्यांना माहीत आहे. मला कोणी सांगितलं नाही. (एकाने सांगितलं होतं. पण त्याने ‘बेटा’ म्हणून सुरुवात केली होती, म्हणून पुढचं वाचलं नाही.)

वस्तऱ्याची रुंदीही बरीच कमी झाली आहे. बाबा उलटासुलटा करून बघत म्हणाले, ‘आता पाकिटं फोडायला छान.’

आईने भाजी निवडता निवडता विचारलं, ‘तो जाणार आहे का?’ बदलीचं मी घरात बोललेलेच नाही. कोण, म्हटलं. ‘ज्याच्यासाठी माझं सिंक तुंबलं तो.’

मी तिला समजावलं की हा प्रश्न धातूचा आहे.

ती म्हणाली, ‘बरं. धातूला विचारलंस का, थांब म्हणून?’

मी उठून दगड टबातून काढले. टब धुतला. बाबांना नेऊन दिला.

गुरुवार, ४ डिसेंबर

रिसेप्शनने फोन केला: मायक्रोस्कोपवाले आलेत. बाहेर गेले. एक अनोळखी माणूस उभा होता, हातात दाढीची टूलबॅग घेऊन. मी विचारलं, ते नाही आले का?

मग उजव्या भुवईतली तुटकी जागा दिसली.

हनुवटीवर खळी आहे. गालांचा रंग कपाळापेक्षा फिका. वय चार वर्षांनी कमी. हे सगळं टेबलाच्या या बाजूने, काहीही न लावता दिसलं.

त्याने सांगितलं: मंगळवारी ती नवी फॅक्टरी बघायला बोलावलं होतं. गेटवर दाढीसकट आत सोडेनात. समोरच सलून होतं. पाच मिनिटांत झालं.

मी विचारलं, वस्तरा कसला होता? धार कशाने लावली होती?

‘अर्धं ब्लेड होतं,’ म्हणाला. ‘तोडलं, खोचलं, केली, फेकलं. तो तर टीव्ही बघत होता.’

मी म्हणाले, म्हणजे तपासणीच नाही.

‘नाही,’ म्हणाला. मग म्हणाला, ‘तुमचा झाला का?’

मी सांगितलं, स्क्रॅप केला.

तो म्हणाला, ‘अरे. मग वाट बघून उपयोग नव्हता.’

कशाची, मी विचारलं.

‘वस्तऱ्याची,’ म्हणाला. हसू डावीकडून निघालं पण उजवीकडे पोचलं नाही. ते मध्येच थांबतं कसं, हे दाढीमुळे आधी कधी दिसलं नव्हतं.

सर्व्हिसिंग केलं. सही घेतली. बॅग बंद केली, आणि गेला नाही. म्हणाला, ‘बाराला उत्तर द्यायचंय. अजून दिलेलं नाही.’ एवढं बोलून तिथेच उभा राहिला.

मी म्हणाले, दोन नंबरच्या मायक्रोस्कोपचा दिवा लुकलुकतो.

त्याने बॅग पुन्हा उघडली. दिवा काढला, पुसला, घट्ट बसवला. दिव्याला काही झालेलं नव्हतं. आम्हा दोघांनाही ते माहीत होतं.

शुक्रवार, ५ डिसेंबर

आता याला ‘दाढी’ म्हणता येणार नाही. दुसरा शब्द शोधते आहे. कार्डावरचं नाव पाहिलं. ठीक आहे, नावासारखं नाव आहे.

एकूण विचार करता, झालं ते उत्तम झालं. प्रयोगाला बिघडायला कारण होतं, कारण सापडलं, वस्तू निकालात निघाली. त्याने जावं हे त्याच्या करिअरच्या दृष्टीने बरोबर. क्लीनरूममध्ये काम करणं प्रतिष्ठेचं असतं. माझा दिवस नेहमीसारखा गेला. रोलरची एक आख्खी बॅच नापास केली.

साहेबांनी ती परत तपासली. पास केली. मला म्हणाले, दोन दिवस सुट्टी घे.

रविवार, ७ डिसेंबर

सकाळपासून त्याच्यासाठी मेसेज लिहिते आहे.

पहिला मसुदा: ‘विषय: आपल्या बदलीसंदर्भात.’ खोडला.

नंतरचा: ‘ज्ञात कारणास्तव झालेल्या विलंबाबद्दल खुलासा.’ यात मुद्दे होते, उपमुद्दे होते, धारेच्या पापुद्र्याचा फोटो जोडला होता. वाचून पाहिला. रोलर पुरवणाऱ्यालाही असा पाठवला तर तो ऑर्डर सोडून देईल.

त्यानंतरच्यात फक्त ‘थांब’ लिहिलं होतं. त्यात एक अनुस्वार आहे. तो बराच वेळ बघितला. मग तोही खोडला, धाडस नाही म्हणून नव्हे, संदर्भ अपुरा होता म्हणून.

आई मागून येऊन वाचत होती. म्हणाली, ‘ओरखडे घालवत बसलीस तर पुन्हा पापुद्रा निघेल हो.’ हे तिला बाबांनी शिकवलं असणार. आता घरात सगळे धातूशास्त्रज्ञ.

मोबाइल बाबांच्या हातात दिला, म्हटलं, मी लिहिलंय, पाठवायचं बटण तुम्ही दाबा. बाबा म्हणाले, ‘दाबू? बघ हां, माझा हात आहे.’ म्हटलं, दाबा. त्यांनी दाबलं. चष्मा नव्हता त्यांना, पण ते बटण मोठं असतं.

गेलेला मेसेज, नोंदीसाठी:

‘वस्तरा वीस नोव्हेंबरला चांगला होता. शंभर पटीत एकही दोष नव्हता. तू बदलीचं सांगितलंस म्हणून मी चारशे पटीत पाहिला. आता नवा वस्तरा घेते आहे. लिमिट आधीच ठरवलं आहे: हातावरचे केस पडले की पास. उजवा हात शिल्लक आहे. दाढी पुन्हा वाढवणार आहेस का? बुधवारपर्यंत कळव.’